पिवळ्या जर्सीचा भाव

रामबागेतल्या काकांनी मला तीन प्रश्न विचारले. घोडे किती? शर्यत किती दिवस? आणि मध्येच एखादा लंगडला, तर लावलेले पैसे परत की गेले?

घोडे नाहीत, सायकलस्वार आहेत, असं मी म्हणालो. त्यांना काही फरक पडला नाही.

काका म्हणजे इंदूरच्या बाजारातले निवृत्त दलाल. आधी रुई, मग सरकी, शेवटची वर्षं सोया तेल. घरात मराठी, बाजारात हिंदी, आकडेमोड मात्र दोन्हीकडे हिंदीतच. सायकलची शर्यत त्यांनी जन्मात पाहिलेली नव्हती. म्हणून मी फोनवर त्यांना जुलै २०२५ मधल्या टूर द फ्रान्सचा बारावा टप्पा दाखवला. पायरेनीजमधला ओताकामचा चढ, माथ्याला अजून बारा किलोमीटर बाकी, आणि स्लोव्हेनियाचा तादेइ पोगाचार जोडीदाराच्या मागून सुटला तो सुटलाच. डेन्मार्कचा योनास विंगेगार्ड थोडा वेळ आवाक्यात होता, मग तोही मागे पडला. वर पोचेपर्यंत दोघांत २ मिनिटं १० सेकंदांचं अंतर पडलं होतं.

काकांनी चष्मा कपाळावर चढवला. १८४ स्वार, २१ टप्पे, शर्यत सुरू झाल्यावर पडला तर पैसे बुडाले, हे सगळं ऐकून घेतलं आणि निकाल देऊन टाकला, "यात धंदा नाही."

या अंकाचा विषय 'अंदाज' ठरला, तेव्हा इंदूरहून पावसावर नाही तर निवडणुकीवर लेख येणार असं संपादकांनी धरूनच ठेवलं होतं. पण मला वेगळाच प्रश्न सतावत होता. युरोपात दर जुलैला वर्तमानपत्रं संभाव्य विजेत्यांची यादी भावासकट छापतात. आणि ज्या गावात कशावरही भाव निघतो म्हणतात, तिथे जगातल्या सगळ्यात मोठ्या सायकल शर्यतीचं नाव घेतलं की माणसं तोंडाकडे पाहतात. धंदा नाही म्हणजे नेमकं काय नाही?

अफू, रुई, सोयाबीन

इंदूरचं सट्ट्याशी नातं क्रिकेटच्या कितीतरी आधीचं. एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू मुंबईमार्गे चीनला जायची. इंग्रज सरकारचा अफू एजंट इंदुरात बसायचा आणि पेट्यांवरचा कर वसूल करायचा. चीनमधल्या भावाची बातमी यायला वेळ लागे, आणि त्या मधल्या वेळात इथले सावकार पुढचे सौदे करून मोकळे होत. बऱ्याच सौद्यांत माल कुणाच्या हातात येतच नसे. देणंघेणं फक्त भावातल्या फरकाचं.

पुढे या बाजारावर सर सेठ हुकुमचंद यांचा वरचष्मा होता. अफू, रुई, चांदी, सगळ्यांतच त्यांचे मोठमोठे सौदे असत, आणि 'कॉटन किंग' ही त्यांची ख्याती इंदूरच्या बाहेरही पोचली होती. इतवारियातला त्यांचा शीशमहाल आणि त्यांनी बांधलेलं काचमंदिर आजही पाहुण्यांना दाखवलं जातं. त्यांच्या नावाची कापडगिरणी १९९१ मध्ये बंद पडली. कामगारांच्या थकलेल्या देण्यांचा निकाल लागायला डिसेंबर २०२३ उजाडलं. शीशमहालाबाहेर उभं राहून गाइडची बडबड ऐकताना एवढं मात्र आठवावं.

रुईच्या सट्ट्याला तिकडे मुंबईत वेगळंच पोर झालं. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातले उघडते आणि बंद होणारे भाव तारेने यायचे आणि त्या आकड्यांवर पैसे लागायचे. तो आकडा बंद झाला, तेव्हा मडक्यातून चिठ्ठ्या निघू लागल्या आणि त्याचा मटका झाला. इंदुरात रुईची जागा पुढे सोयाबीनने घेतली. सोया प्रक्रिया उद्योगाची देशातली मोठी संघटना, सोपा, इथेच आहे, आणि सोया तेलाच्या वायद्यांसाठी नॅशनल बोर्ड ऑफ ट्रेड हा बाजारही इथेच उभा राहिला होता. हा झाला कायदेशीर बाजू सांभाळणारा इतिहास. त्याच्या सावलीत 'डब्बा' चालतो, म्हणजे बाजाराबाहेर, वहीत किंवा ॲपवर, बाजाराच्याच भावाने होणारे सौदे. डब्ब्याच्या धाडींच्या बातम्यांत इंदूरचं नाव वरचेवर येतं. आयपीएलच्या दिवसांत फ्लॅटमध्ये पाचसहा लॅपटॉप आणि पंचवीस मोबाइल घेऊन बसलेली पोरं पकडली जातात, तीही याच बातम्यांची भावंडं.

काका डब्ब्याबद्दल बोलायला तयार नव्हते. भाव कसा निघतो हे मात्र त्यांनी जुन्या पावतीच्या पाठीवर लिहून दाखवलं.

भाव कोण काढतं?

लोकांना वाटतं की भाव म्हणजे जाणकारांचं भाकीत. बुकीला वाटतं, पोगाचार जिंकेल, म्हणून त्याने पोगाचारचा भाव कमी ठेवला. सुरुवात तशी होते हे खरं. पहिला भाव कुणीतरी माहीतगार माणूसच काढतो. त्यानंतर मात्र भाव माणसांच्या पैशाने हलतो. एकाच नावावर फार पैसा आला की त्याचा भाव कापायचा, दुसऱ्याचा वाढवायचा, म्हणजे नवा पंटर दुसरीकडे वळतो. तरीही ओझं एका बाजूला झुकलं, तर ते मोठ्या बुकीकडे उतरवायचं; त्याला कटिंग म्हणतात. कोण जिंकलं यापेक्षा वही समतोल राहिली का, याची बुकीला काळजी.

क्रिकेटच्या भाषेत भाव ४०-४२ असा बोलतात. म्हणजे फेव्हरिटवर रुपया लावला तर जिंकल्यावर वर ४० पैसे मिळणार. त्याच्या विरुद्ध खायचं असेल तर रुपयाला ४२ पैशांची जोखीम घ्यायची. मधले दोन पैसे भाव सांगणाऱ्याचे. युरोपात हीच गोष्ट दशांशात लिहितात, १.४० अशी.

आता काकांची पावती. समजा पहिल्या स्वाराचा भाव रुपयाला ४० पैसे, दुसऱ्याचा रुपयाला ३ रुपये, तिसऱ्याचा रुपयाला १९. या भावांतून जिंकण्याची शक्यता उलटी काढली, तर पहिल्याची ७१ टक्के, दुसऱ्याची २५, तिसऱ्याची ५. उरलेले सगळे मिळून ९ धरा. बेरीज करा: ११०. शक्यतांची बेरीज शंभराच्या वर जाऊच शकत नाही, तरी ती ११० होते. वरचे दहा बुकीचे. ते कोणाच्या नावावर किती टाकले हे बाहेरून कळत नाही. बहुतेक वेळा लांबच्या, नशीब अजमावणाऱ्यांच्या आवडीच्या नावांवर ते जास्त टाकलेले असतात. म्हणून "याला पाचशेचा भाव आहे, लागला तर घर होईल" अशा नावाची खरी शक्यता भाव दाखवतो त्याहूनही कमी असते.

मग धंदा का नाही? काकांचं म्हणणं असं, की बाजाराला मतभेद लागतो. विकणारा आणि घेणारा दोघांनाही आपण शहाणे वाटलो पाहिजे. २०२० ते २०२५ मधल्या सहा टूरपैकी चार पोगाचारने जिंकल्या, दोन विंगेगार्डने. २०२५ मध्ये पोगाचार ४ मिनिटं २४ सेकंदांनी जिंकला. १८४ माणसं निघतात आणि भाव दोघांचाच. वही समतोल ठेवायला दुसऱ्या बाजूला पैसे आणायचे कुठून?

एकवीस दिवसांत नशीब झिजतं

याचं कारण शर्यतीच्या रचनेत आहे. ट्वेंटी-ट्वेंटीमध्ये एक सुटलेला झेल सामना फिरवतो. टूरमध्ये एकवीस दिवसांचे वेळ एकत्र जमा होतात, आणि ज्याची बेरीज सगळ्यांत कमी त्याच्या अंगावर पिवळी जर्सी. सुमारे ३३०० किलोमीटरच्या या बेरजेत एका दिवसाचं वारं, एक पंक्चर, एक चुकीचं वळण बऱ्याचदा विरून जातं. शेवटचे काही किलोमीटर उरले असताना सपाट टप्प्यावर कुणी पडलं, तर तो ज्या घोळक्यात होता त्याचीच वेळ त्याला मिळते. सपाट रस्त्यावर घोळक्यात दडून राहिलं की वाऱ्याचा मोठा भार पुढचे सोसतात, म्हणून तिथे बलवान आणि दुबळा यांच्यात सेकंदाचाही फरक पडत नाही. फरक पडतो तो लांब चढावर आणि एकट्याने घड्याळाशी पळायच्या टप्प्यात. तिथे लपायला जागा नाही. अशा जागा किती आहेत हे टूरचा मार्ग जाहीर होतो तेव्हाच, म्हणजे आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरात, कळतं. जाणकार भाव तिथूनच मांडायला लागतात: उंच चढ किती, टाइम ट्रायलचे किलोमीटर किती, टप्प्याच्या शेवटी मिळणारे १०, ६ आणि ४ बोनस सेकंद कुणाला खिशात घालता येतील, आणि नेत्याला चढाच्या पायथ्यापर्यंत ओढून नेणारे सात जोडीदार कसे आहेत.

टप्प्याचा भाव मात्र वेगळी गोष्ट. ओताकामच्या आदल्याच दिवशी तुलूझमध्ये टप्पा जिंकला नॉर्वेच्या योनास आब्राहाम्सनने. महिनाभर आधी त्याच्या गळपट्टीचं हाड मोडलं होतं. त्याच दिवशी शेवटच्या काही किलोमीटरमध्ये पोगाचार पडला, आणि चोवीस तास सगळे त्याच्या कोपराची चर्चा करत राहिले. टप्प्यात पळून जाणारे पाच जण एकमेकांना फसवत असतात, मागचा घोळका कधी पाठलाग करेल याचा नेम नसतो, आणि पळालेल्यांचा एकूण वेळ इतका खराब असतो की पिवळ्या जर्सीवाल्याला त्यांची फिकीर नसते. मतभेद इथे भरपूर. हे ऐकल्यावर काका खुर्चीत जरा पुढे सरकले.

पण ही फिकीर नसणंच एकदा अंगाशी आलं. २००६ मध्ये स्पेनचा ऑस्कर पेरेरो पर्वतांत इतका मागे पडला होता, की तेराव्या टप्प्यात, बेझिए ते मोंतेलिमार, त्याला पळू देण्यात आघाडीवरच्या फ्लॉइड लँडिसच्या संघाला काही वावगं वाटलं नाही. उन्हात कोण दमणार? पळालेले जवळजवळ तीस मिनिटं आधी पोचले आणि पिवळी जर्सी पेरेरोच्या अंगावर गेली. तो पॅरिसला ५७ सेकंदांनी दुसरा आला. पुढे लँडिस उत्तेजकाच्या चाचणीत सापडला, त्याचं विजेतेपद गेलं आणि टूर पेरेरोच्या नावे झाली. त्याच्यावर पैसे लावलेल्यांचं काय? बुकींचा साधारण नियम असा, की हिशेब त्या दिवशी व्यासपीठावर उभ्या असलेल्या माणसावर मिटतो. नंतरचे निकाल इतिहासाच्या पुस्तकासाठी. लान्स आर्मस्ट्राँगची सात विजेतेपदं २०१२ मध्ये काढून घेतली गेली, म्हणून कोणी पंटरांकडे जाऊन पैसे परत मागितले नाहीत.

फेव्हरिटचा भाव अचानक हलतो तो बातमीने. एप्रिल २०२४ मध्ये स्पेनमधल्या इत्झुलिया शर्यतीत उतारावर विंगेगार्ड पडला. गळपट्टीचं हाड मोडलं, बरगड्या मोडल्या, फुप्फुसाला इजा झाली. टूरला तीन महिनेही नव्हते. तो येणार की नाही, आला तर किती तयार, हे शेवटपर्यंत कळेना. तो आला, आणि दुसरा आला. काकांनी इथे दलालाचाच प्रश्न विचारला: पक्की बातमी आधी कुणाला असते? संघाच्या डॉक्टरला, मालिशवाल्याला, हॉटेलात शेजारच्या टेबलावर बसलेल्याला. म्हणूनच आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने, यूसीआयने, स्वार आणि संघातल्या माणसांना सायकल शर्यतींवर पैजा लावायला मनाई केली आहे. "मनाई रुईतही होती," काका म्हणाले, आणि त्यांनी विषय बदलला.

एक गोष्ट मात्र मला काकांना पटवता आली. फेव्हरिट जिंकतो याचा अर्थ कंटाळा येतो असा नाही. १९८९ मध्ये ग्रेग लेमाँने शेवटच्या दिवशी ५० सेकंदांची पिछाडी भरून काढून लोराँ फिन्योंला ८ सेकंदांनी हरवलं. २०२० मध्ये शेवटून दुसऱ्या दिवशी प्रिमोझ रोग्लिच ५७ सेकंदांनी पुढे होता; ३६ किलोमीटरच्या टाइम ट्रायलनंतर, ज्याचा शेवट चढावर होता, तो ५९ सेकंदांनी मागे गेला. जिंकणारा होता पोगाचार, बाविसावा वाढदिवस दोन दिवसांवर असलेला. त्या सकाळी रोग्लिचचा भाव घेणारे फार सुखात झोपून उठले असणार.

भेरूघाट

इंदुरात सायकल शर्यतीवर भाव निघत नसला तरी सायकलवर पैज लागते. ती पाहायला मी रविवारी पहाटे भंवरकुआं चौकात गेलो. दहाबारा जण जमले होते: एक दातांचा डॉक्टर, दोनतीन आयटीतले, बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ, आणि कॉलेजातला एक मुलगा, ज्याची सायकल बाकीच्यांच्या निम्म्या किमतीचीही नव्हती. तेजाजी नगर, सिमरोल, आयआयटी ओलांडून खंडवा रस्त्याने भेरूघाटापर्यंत जायचं आणि परत फिरायचं. इंदूर पठारावर आहे, घाट पठाराच्या कडेला. त्यामुळे जाताना उतार लागतो आणि चढ नेमका परतीला, पाय दमल्यावर. महामार्गाचं काम चालू असल्याने रस्त्याची कुठे धूळ, कुठे खडी.

डॉक्टरच्या हँडलवर काडेपेटीहून जरा मोठा पडदा होता. त्यावर पेडलला लावलेल्या मीटरचा आकडा उमटत होता, वॉटमध्ये. सत्तर किलोचा माणूस चढावर २०० वॉट धरून ठेवतो म्हणजे किलोमागे तीनच्या जरा खाली. हौशी माणसाला हे चांगलं. टूर जिंकणारे अर्ध्या तासाच्या चढावर किलोमागे सहाच्या वर असतात. बाकी सगळं, म्हणजे संघ, मार्ग, हवा, जोडीदार, या एका आकड्याच्या भोवती फिरतं. जुलैतले अंदाज बांधणारे वसंतातल्या शर्यतींतून हाच आकडा हुडकत असतात.

पैज अशी होती, की चढाच्या माथ्यावर पहिला कोण. शेवटी येणाऱ्याने सगळ्यांना पोहे-जिलबी खिलवायची. उतार सुरू होण्याआधी मी सगळ्यांना विचारलं. जवळजवळ प्रत्येकाने डॉक्टरचं नाव घेतलं. आकडे त्याच्याच बाजूने होते. चढाला लागल्यावर डॉक्टर पुढे गेला आणि पडद्याकडे पाहत एकसारखा चालवत राहिला. कॉलेजचा मुलगा त्याच्या चाकापासून हातभर अंतरावर, मान खाली घालून, एकदाही पुढे न येता चिकटून बसला. शेवटच्या वळणावर तो बाजूने निघाला आणि डॉक्टरला पुन्हा गाठता आलं नाही. परतताना डॉक्टर बराच वेळ सांगत होता, की त्याने स्वतःचा आजवरचा सर्वांत चांगला आकडा गाठला होता. खरं होतं ते. पोहे बँकेतल्या गृहस्थांनी खिलवले, जास्तीची शेव घालून.

कायद्याची रेघ

हे सगळं पोह्यांवर थांबतं तोवर ठीक. पैशांवर गेलं, की १८६७ चा सार्वजनिक जुगार कायदा आडवा येतो. त्या कायद्यात केवळ कौशल्याच्या खेळांना सूट आहे, आणि घोड्यांची शर्यत कौशल्यात मोडते असं सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये सांगितलं. मुंबईच्या महालक्ष्मीला आणि पुण्याच्या रेसकोर्सवर परवान्याने पैसे लावता येतात. सायकलीला अशी सूट कुणी मागितलेली नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदीचा कायदा केला. त्यात कौशल्य की नशीब हा जुना वादच मोडीत काढला. पैसे लावून जिंकायचा ऑनलाइन खेळ असला की तो बंद. फँटसी क्रिकेटच्या मोठ्या ॲपना आपले पैशांचे सामने थांबवावे लागले. तेव्हा परदेशी संकेतस्थळावर जाऊन पोगाचारवर शंभर रुपये लावण्याचा विचार कुणाच्या मनात असेल, तर तो तिथेच राहू द्यावा. जाहिरातीतलं 'पूर्ण कायदेशीर' हे त्यांच्या देशातलं असतं.

पुण्याचा अंदाज

निघताना काकांनी विचारलं, हिंदुस्थानात अशी शर्यत कधी झाली का? मुंबई-पुणे शर्यतीबद्दल सांगितलं. बोरघाट सगळ्यांत आधी चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात, आणि पुण्यासांगलीकडचे सायकलवाले पहिल्या क्रमांकापेक्षा या किताबाबद्दलच जास्त वाद घालतात. पण ती एका दिवसाची. टप्प्यांची, यूसीआयच्या दर्जाची पुरुषांची शर्यत तेव्हा यायची होती: पुणे ग्रँड टूर, जानेवारी २०२६ मध्ये, पुणे जिल्ह्याच्या रस्त्यांवर, चारशेहून अधिक किलोमीटर. दर्जा २.२. याचा अर्थ पोगाचार-विंगेगार्ड ज्यांच्यासाठी धावतात त्या वरच्या श्रेणीतल्या संघांना या दर्जाच्या शर्यतीत उतरताच येत नाही. येणार होते ते खालच्या श्रेणीतले व्यावसायिक संघ आणि देशांचे राष्ट्रीय संघ.

काकांच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं इथे बदलतात. जिंकू शकणारे घोडे खूप, दिवस थोडे, आणि एका दिवसाची चूक भरून काढायला वेळ नाही. सह्याद्रीचे घाट तिखट असले तरी आल्प्ससमोर आखूड. त्यांवर मिनिटं तुटत नाहीत, सेकंद तुटतात, आणि माथ्यावर तुटलेले सेकंद पुढच्या सपाटीवर घोळका भरून काढतो. मतभेद होईल तो इथे.

काकांनी भाव काढायला नकार दिला, वय झालं म्हणून. तेव्हा अंदाज माझा, शर्यतीआधीचा. पुण्यात शुद्ध घाटवाला जिंकणार नाही. जिंकेल तो घड्याळाविरुद्ध बरा, आखूड चढावर टिकणारा आणि शेवटच्या दोनशे मीटरला वेगवान असा परदेशी स्वार, जो बोनस सेकंद गोळा करत जाईल. पहिल्या आणि दुसऱ्यात अर्ध्या मिनिटापेक्षा कमी अंतर राहील. एकाही भारतीयाने आजवर टूर द फ्रान्समध्ये भाग घेतलेला नाही, आणि पुण्यात आपल्यापैकी कुणी पहिल्या दहात आला तर मला आनंदाने चुकीचा ठरवा. शर्यत १९ जानेवारीला सुरू होऊन २३ ला संपणार होती. अशी शर्यत पाहायची असेल, तर चढाच्या वरच्या वळणावर तासभर आधी जाऊन उभे राहा. तिकीट लागत नाही.